सरकीची पेंड व कोंबडीचे अंडे

कापूस आमचा, सरकी आमची व पेंडही आमचीच. तेव्हा जालना जिल्ह्यात ती दावणीवरून खुराड्यापर्यंत पोहोचावी ह्यात नवल नाही. तयार कोंबडीखाद्याचे भाव चढले की भरडलेल्या मक्यात घरची सरकीची पेंड मिसळण्याचा मोह अनेकांस होतो. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत ह्या मोहास आवर घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकीच्या गरात बारीक काळसर ग्रंथी असतात व त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. किडींपासून कपाशीचे रक्षण करणे हे त्याचे कार्य होय. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटात ते बव्हंशी बांधले जाते. म्हणून गाईम्हशींस बेताने दिलेली पेंड सोसते. कोंबडीस तसे पोट नाही. तिने खाल्लेले मुक्त गॉसिपॉल बलकात उतरते. अंडे ताजे असता काहीच दिसत नाही, आणि खरी मेख येथेच आहे. साठवणीत अंड्यातील कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांवाटे निघून जातो, आतील क्षारता वाढते, आणि गॉसिपॉलचा बलकातील लोहाशी संयोग होऊन बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीच्या तेलातील काही स्निग्धाम्लांमुळे पांढऱ्यासही गुलाबी छटा येते.

ह्यात नुकसान कोणाचे? बहुधा घरच्या बाईचे. आठवडाभर जमविलेली अंडी ती बाजारास धाडते; गिऱ्हाईक दोनदा फसले की तिसऱ्यांदा फिरकत नाही, आणि दोष मात्र उन्हाळ्याच्या माथी जातो. उन्हाळ्याचाही दोष असतोच. कोंबड्यांत नर असल्यास अंडे फलित होते व उष्म्याने त्यात गर्भ वाढू लागतो. ह्यास्तव विक्रीच्या अंड्यांसाठी नर वेगळा ठेवावा, अंडी धुऊन साठवू नयेत, आणि ती रुंद टोक वर करून थंड जागी ठेवावीत. एवढे करूनही बलक काळवंडत असेल, तर खाद्याकडे पाहावे.

जे वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हा समजही आता सोडला पाहिजे. चीनमध्ये 1970 च्या दशकात ह्याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक औषध म्हणून परीक्षा झाली. गुण आला, परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटले, काहींची प्रजननशक्ती परत आली नाही, आणि तो प्रयत्न मागे पडला. औषध व विष ह्यांतील अंतर मात्रेचे असते. कोंबडीच्या खाद्यात मिसळण्यासाठी जो कोणी झाडपाल्याची पूड विकावयास येईल, त्यास तिच्यातील द्रव्य कोणते व मात्रा किती, हे वाचकांनी अवश्य विचारावे.

सरकीचीही तीच गोष्ट. दर किलो खाद्यात मुक्त गॉसिपॉल सुमारे 50 मिलिग्रॅमपर्यंत असल्यास बलक बिघडत नाही, असे मान सांगतात. परंतु तेल कसे काढले ह्यावर पेंडीतील त्याचे प्रमाण अवलंबून असते. एका गिरणीची पेंड दुसरीसारखी नसते. हिराकस घातल्याने गॉसिपॉल बांधले जाते हे खरे. पण किती घालावयाचा, हे मोजणी झाल्याखेरीज ठरविता येत नाही. तोपर्यंत सोयाबीनची पेंड बरी. मात्र कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील पचनरोधक द्रव्य योग्य उष्णता दिल्यानेच नष्ट होते. शिवाय कवच दृढ राहण्यास अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात शेकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम लागते. ते सरकी वा मका ह्यांतून मिळत नाही, शिंपल्याची किंवा चुनखडीची भरड द्यावी लागते.

परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय पूर्वी तेथील कृषि विद्यापीठाच्या छत्राखाली होते. 2000 साली नागपूरचे पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तिकडे गेले. त्यामुळे पीक एका विद्यापीठाकडे व जनावर दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. शेतकऱ्याच्या वाड्यात अशी वाटणी नसते. तेव्हा दोन्ही विद्यापीठांनी खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साह्याने आमच्या जिल्ह्यातील पेंडीची गिरणीवार तपासणी करावी, आणि मुक्त गॉसिपॉलचे प्रमाण पोत्यावर छापले जावे, अशी आमची मागणी आहे. बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याचा लौकिक आहे. अमेरिकेत टेक्सास येथे कीर्ती राठोड ह्यांच्या प्रयत्नांतून, पानांत गॉसिपॉल कायम पण सरकीत अत्यल्प, अशी कपाशी सिद्ध झाली व 2019 साली तिची सरकी अन्न म्हणून मान्य झाली. धाग्याबरोबर सरकीचाही विचार आमच्या बीजसंशोधकांनी करावा. आणि ही तपासणी होईपर्यंत सरकीची पेंड दावणीवरच राहू द्यावी, हेच आमचे वाचकांस सांगणे आहे.