गुळाला सूट कशी?

मा. संपादक,

रविवारच्या अंकातील वजन घटवण्यावरच्या लेखातील काही विधाने तपासून घ्यायला हवी होती.

‘साखर सोडा, गूळ कितीही चालेल.’ आमचा भाग उसाचा, पण खोटे कशाला सांगू? १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. काट्यावर फरक पडणार तो कितीसा?

‘महिन्यात दहा किलो.’ राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानते. महिन्याचे झाले दोन किलो.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणांची पद्धत लेखकाने अर्धीच सांगितली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतः सांगतात. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे आणि आधी रक्त तपासणे, हा भाग लेखात गाळला आहे. गर्भवती, स्तनदा माता आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ही पद्धत नाही, हेही नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण टाळले, तर साखर उतरून घेरी येऊ शकते.

‘शेतकऱ्याला व्यायाम नको’ हे बैलजोडीच्या काळातले. आता पाणी ठिबकने, मशागत ट्रॅक्टरने आणि बांधापर्यंत मोटारसायकल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, तो आम्हालाही लागू आहे.

रात्री लवकर जेवावे, एवढे मान्य. बाकीचे छापण्याआधी आहारतज्ज्ञाला दाखवावे.

— एक वाचक, पणदरे (ता. बारामती)