डीजे नको, खंजिरी काढा!

राजेहो, लग्न असो, गणपती असो की पोळा, डीजे आला म्हणजे कार्यक्रम जोरात झाला असे आपण धरून चालतो. भाडे द्यायचे, कान फुटेस्तोवर आवाज सोसायचा, दहा पोट्टे नाचतात अन् बाकी गाव कडेला उभे! यात गाव कुठे आले?

खंजिरी भजनाचे तसे नाही. एकाने चरण म्हणायचा, साऱ्यांनी झेलायचा. ठेका चुकला तर शेजारचा सांभाळून घेतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हेच हातभर वाद्य घेऊन विदर्भातील खेडी जागी केली. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून ते आपल्या सेवाग्रामला येऊन राहिले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीचे गावकरी इंग्रजांच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्यामागे या भजनांनी केलेली जागृतीही होती. त्याच वर्षी सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. खंजिरीचा धाक सरकारला वाटला तो उगाच नव्हे.

आज प्रश्न वेगळा आहे. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यात वर्धा होता. खंजिरीने कर्ज फिटत नाही अन् कापसाला भावही मिळत नाही. त्यासाठी सरकारशीच भांडावे लागेल. पण माणसाचा एकटेपणा सातबाऱ्यावर चढत नाही. रोज भजनाला बसणारा चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी "काहून आला नाही बापा?" म्हणून त्याच्या दारी जातो. ही चौकशी कोणत्याच योजनेत मिळत नाही.

मात्र सतरंजी सर्वांची हवी. डफडे वाजविणारा वरातीत पुढे अन् पंगतीत शेवटी, ही रीत मोडली पाहिजे. बायाबापड्यांनाही मागे बसवून चालणार नाही.

ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक सांज समाजमंदिर उघडून द्यावे. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात खंजिऱ्या, टाळ, ढोलकी येऊन जातील. जुनी खंजिरी असेल तर तीही चालते. पावसाळ्यात तिचे चामडे सैल पडते, जरा आगीजवळ धरून तापवले की पुन्हा बोलू लागते. शिकविणारे म्हातारे अजून गावोगावी आहेत. ते आहेत तोवर पोट्ट्यांना त्यांच्याजवळ बसवा.