नेपाळ सहल रद्द झाली. विम्याचे पैसे मिळतात का?

जळगाव-धुळ्याहून नेपाळला निघालेले अनेक भाविक रेल्वेने गोरखपूर गाठतात आणि पुढे बसने सोनौली नाका ओलांडतात. ९ सप्टेंबर २०२५ रोजी तिथले आंदोलन चिघळले, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, काठमांडूचे विमानतळ बंद झाले. अशा वेळी बुडालेल्या सहलीची भरपाई विमा देतो का?

अनेकदा नाही. सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरतीच असते: आजारपण, अपघात, घरातील मृत्यू. दंगल किंवा सरकारी आदेशाने सीमा बंद होणे अनेक पॉलिसींत वगळलेले असते. गडबडीची बातमी आल्यावर काढलेला विमाही त्या कारणासाठी सहसा उपयोगी पडत नाही. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणून देशांतर्गत पॉलिसी चालेल असे समजू नका. विम्याच्या लेखी तो परदेशच. रेल्वे तिकिटासोबतचा ४५ पैशांचा विमा तर फक्त रेल्वे अपघातापुरता.

टूरवाल्याकडून मिळणारा परतावा वेगळा, तो बुकिंगच्या अटींवर ठरतो. त्यामुळे सहल रद्द झाल्याचे त्याच्याकडून लेखी घ्याच. विमा कंपनीने दावा नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षभरात दाद मागता येते. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.