इफ्तारच्या ताटातली साखर

रोजा दिवसभर संयम शिकवतो. इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र तो अर्ध्या तासात विसरला जातो. खजूर, सरबत, समोसे, फिरनी आणि वर बिर्याणी, म्हणजे कर्बोदकांवर कर्बोदके. मधुमेही रोजेदाराची साखर इथेच उसळते. एका मोठ्या मेदजूल खजुरातच सुमारे १८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे एक खजूर आणि पाणी पुरे. सरबताऐवजी ताक, समोशाऐवजी उकडलेले चणे घ्यावेत. सहेरीला ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे असावे. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेल्यास रोजा लगेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. बोट टोचून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. आजारी माणसाला सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेणाऱ्याला घरच्यांनी हिणवू नये.