ऑपरेशन झाले, पुढे काय?

आपल्या समाजात कोणाचे मोठे ऑपरेशन झाले की सर्व नातलग एकच प्रश्न विचारतात, "ऑपरेशन चांगले झाले ना?" होकार मिळाला की सर्वांना समाधान वाटते. काही आठवड्यांनी भेटावयास येणाऱ्यांची संख्या कमी होते. परंतु रोग्याची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते.

आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना कवटीच्या तळाचा कर्करोग झाला होता. मेंदू ज्या हाडांच्या पातळ जमिनीवर टेकलेला असतो, तिला कवटीचा तळ म्हणतात. तिच्या खालीच नाक आणि डोळे असतात. पूर्वी येथील गाठ काढण्यासाठी कपाळ व चेहरा दोन्ही उघडावे लागत. 1963 साली अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी ही पद्धत रूढ केली आणि तिने अनेकांचे प्राण वाचविले. परंतु व्रण व यातना फार. आता योग्य रोग्यांमध्ये नाकपुडीतून बारीक दुर्बीण घालून गाठ काढता येते. चेहऱ्यावर टाकाही पडत नाही आणि रोगी बहुधा लवकर घरी येतो. गाठ डोळ्यात अथवा चेहऱ्याच्या त्वचेत पसरली असेल, तर मात्र जुनी पद्धत आजही लागते.

आमच्या गृहस्थांचे ऑपरेशन असेच नाकातून झाले. गणेश चतुर्थीला सर्वजण त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही तर अगदी पूर्वीसारखे दिसता!" ते हसले, पण ताटातला मोदक तसाच राहिला. नंतर ते मला म्हणाले, "बाळा, गोड कळते, पण वेलचीचा, तुपाचा वास येत नाही. आणि हे कोणाला सांगू? सर्वांना मी बरा दिसतो."

वाचकहो, येथेच आपली चूक होते. व्रण दिसत नाही म्हणून दुःख नाही, असे आपण समजतो. वास घेणाऱ्या नसा कवटीच्या तळातूनच जातात. गाठीबरोबर त्या काढाव्या लागल्या तर वास कायमचा जातो. नाकात महिनोन्महिने खपल्या धरतात. पुढे किरणोपचार झाले तर कोरडेपणा व थकवा वाढतो. बहुतेकांचे जीवन काही महिन्यांत पुष्कळ सुधारते, परंतु नाकाचा त्रास मागे उरतो.

डॉक्टरांनीही हे ओळखले आहे. इस्राएलमधील डॉक्टरांनी अशा रोग्यांसाठी 35 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखणे, उत्साह, रोजची कामे, मनाची अवस्था, सर्व विचारले जाते. आम्ही शिक्षक जाणतो की केवळ पास की नापास यावरून मूल कळत नाही. तसेच केवळ जगला की नाही यावरून रोग्याचे जीवन कळत नाही.

मग कुटुंबाने काय करावे? ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना विचारावे, "वास राहील का? कामावर केव्हा जाता येईल?" घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तसे, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्यास मदत करावी. सुरुवातीचे काही आठवडे जोराने नाक शिंकरू देऊ नये, जड वस्तू उचलू देऊ नये. नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळू लागला, अथवा ताप व तीव्र डोकेदुखी आली, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. मेंदूभोवतीचे पाणी गळत असण्याचा धोका असतो. उपचारासाठी भारतात गेलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परतीचे विमान धरू नये. ज्यास वास येत नाही, त्यास गॅस गळलेला कळत नाही. म्हणून रात्री सिलिंडर बंद करण्याचे काम घरातील दुसऱ्याने अंगावर घ्यावे. हा रोग कित्येक वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये.

आणि एक शेवटचे. अशा माणसास भेटाल तेव्हा "तुम्ही छान दिसता" एवढेच म्हणून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "काका, जेवण कसे लागते? झोप लागते का?" उत्तर येण्यास वेळ लागेल, पण तोपर्यंत उठू नका.