राखणदार कुत्रा आणि घरातले मूल

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. माणसाच्या जिवाला धोका ठरू शकणाऱ्या कुत्र्यांच्या तेवीस जाती त्यात नोंदवल्या होत्या. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, नवे परवाने देऊ नयेत आणि घरोघरी आधीच असलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे त्यात म्हटले होते. पार्श्वभूमी गंभीर होती. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्ध स्त्रीचा जीव घेतला होता आणि तशा बातम्या नंतरही येत राहिल्या होत्या. तरीही महिनाभरात, एप्रिलमध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. संबंधितांचे म्हणणे न ऐकता असा निर्णय घेता येत नाही, हा मुख्य आक्षेप होता.

न्यायालयांनी कार्यपद्धतीवर बोट ठेवले. यादीतले विज्ञानही तितकेच कच्चे होते. ‘टोसा’ ही जपानी जात तिच्यात दोनदा आली होती. ‘टेरिअर’ हा एकच शब्द लिहून, मांडीवर मावणाऱ्या कुत्र्यांसकट, डझनावारी जातींचे सबंध कूळ धोकादायक ठरवले गेले होते. याउलट भारतीय बंगल्यांच्या फाटकांवर ज्यांच्या नावाने ‘कुत्र्यापासून सावधान’च्या पाट्या लागतात, त्या जर्मन शेफर्ड आणि डोबरमन यांचा उल्लेखही नव्हता.

यादी गेली, पण तिच्यामागची विचारपद्धती घराघरांत शाबूत आहे. शहराबाहेर बंगला बांधलेले, घरात दोन-तीन वर्षांचे मूल असलेले कुटुंब कुत्रा घ्यायचे ठरवते तेव्हा पहिला प्रश्न असतो, जात कोणती घ्यावी? अपेक्षा अशी, की कुत्र्याने चोराला फाडून काढावे आणि मुलांशी मात्र गाईसारखे राहावे. विक्रेता एखाद्या जातीचे नाव सांगतो, तिच्या इमानाची एखादी कथा जोडतो आणि व्यवहार ठरतो. या व्यवहारात दोन गैरसमज एकत्र विकत घेतले जातात. कुत्र्याचा स्वभाव जातीवरून कळतो हा पहिला. राखण करणे आणि मुलांजवळ निर्धोक असणे हे गुण एकमेकांच्या आड येत नाहीत हा दुसरा, आणि अधिक घातक.

पहिल्याविषयी बराच पुरावा हाती आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि २,१५५ कुत्र्यांच्या जनुकसंचाचे वाचन त्यामागे होते. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा जेवढे वेगळे असते, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. आज्ञा किती चटकन मानतो, फेकलेली वस्तू उचलून आणतो का, अशा काही बाबतींत जातीचा हात अधिक दिसला. डिवचल्यावर कुत्रा किती लवकर चवताळतो, याविषयी मात्र जातीचे नाव जवळजवळ काहीच सांगत नव्हते. मालकांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते. नेदरलँड्सने पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये उठवली, कारण चाव्यांचे प्रमाण तिने कमी झाले नव्हते.

यावरून रॉटवायलर आणि पॉमेरेनियन सारखेच, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. स्वभावाविषयी मुकी असलेली जात शरीराविषयी पुष्कळ बोलते. पन्नास किलोंच्या कुत्र्याने क्षणभर घाबरून तोंड मारले तरी जे होते, ते आठ किलोंच्या कुत्र्याने जाणूनबुजून चावूनही होत नाही. त्यातून तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. लहान मुलांना चावे डोक्यावर, गालावर आणि मानेवर अधिक बसतात, यात नवल नाही. धोक्याचा अंदाज बांधताना वजनाचा काटा वंशावळीच्या कागदापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दुसऱ्या गैरसमजाकडे फारसे कोणी पाहत नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००७ मध्ये, मुलांना चावलेल्या १०३ कुत्र्यांची तपासणी करून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. लहान मुलांना चावा बसला तो बहुधा कुत्रा आपले काहीतरी राखत असताना. मोठ्या मुलांना, तो आपली हद्द राखत असताना. ओळखीच्या मुलांच्या बाबतीत मुख्य निमित्त अन्नाचे होते, अनोळखी मुलांच्या बाबतीत हद्दीचे. ज्यांचा पूर्वेतिहास ठाऊक होता त्यांतील ६६ टक्के कुत्र्यांनी तोवर एकाही मुलाला चावा घेतला नव्हता. दोन तृतीयांश मालकांनी कुत्र्याला प्रशिक्षणवर्गाला नेले होते. निम्म्या कुत्र्यांत काहीतरी शारीरिक दुखणे आढळले किंवा त्याचा संशय आला. ‘आमचा तसा नाही हो’ असे ज्यांच्याविषयी खात्रीने म्हणता आले असते, अशांतलेच बरेचसे हे कुत्रे होते.

या निरीक्षणांत पुन्हा पुन्हा येणारी क्रिया राखणे हीच आहे, आणि पालक पैसे मोजून घरात आणतात तीही हीच. कुत्रा घर राखतो, असे मालक समजतो. कुत्र्याच्या हिशेबात राखायच्या वस्तूंत जेवणाचा वाडगा, हाड, पलंगाखालचा कोपरा आणि कधी घरातले एखादे लाडके माणूसही असते. रांगत वाडग्यापाशी पोहोचलेले घरचे मूल आणि कुंपणावरून आत उतरलेला चोर, या दोघांसाठी त्याच्याकडे वेगवेगळे नियम नसतात. शेजारचा मुलगा आत गेलेला चेंडू आणायला येतो तोही कुंपणावरूनच येतो. पोलीस किंवा लष्कराच्या कुत्र्याला हल्ला शिकवलेला असतो, पण त्याच्यासोबत एक प्रशिक्षित माणूस असतो, सराव नियमित असतो आणि काम संपले की तो आपल्या खोलीत बंद होतो. घरच्या कुत्र्याला ‘हल्ल्याचे प्रशिक्षण’ देणाऱ्यांची चलती असलेल्या शहरांत हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

मग घराला खरी गरज कशाची असते? रात्री कोणी फाटकाशी आले तर कळावे, याची. त्यासाठी चावा लागत नाही, आवाज पुरतो. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हण प्राणिशास्त्रात टिकणारी नाही, भुंकणारे कुत्रे चावतातही. पण निवड करताना तिचा उलटा उपयोग आहे: घराला भुंकण्याचीच गरज असेल, तर चावण्यासाठी नावाजलेला कुत्रा घेण्याचे कारण उरत नाही. ही कामगिरी गल्लीतला गावठी कुत्रा पिढ्यान् पिढ्या करत आला आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. बहुधा म्हणूनच त्याचा विचार होत नसावा.

माणसांच्या बाजूनेही एक अडचण आहे. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा तीन वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना गुरगुरणारा, दात विचकणारा कुत्रा ओळखता आला नाही. त्यांतल्या बहुतेकांना तो आनंदी वाटला. दात दिसले म्हणजे हसू, एवढेच त्या वयाला ठाऊक असते. मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत सोडून मोठ्या माणसाने स्वयंपाकघरात जाऊ नये, हा नियम यासाठीच आहे आणि कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याला अपवाद नाही. इशारा समजणारे कोणीतरी तिथे असले पाहिजे. त्यावर कळस म्हणजे, कुत्रा मुलावर गुरगुरला की घरातले मोठे माणूस त्यालाच फटका देते. पेन्सिल्व्हेनियातील त्याच विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, वागणुकीच्या तक्रारींमुळे आणलेल्या ज्या कुत्र्यांना मालकांनी मारले होते, त्यांतल्या ४३ टक्के कुत्र्यांनी त्यावर आक्रमक प्रतिसाद दिला होता. मार खाऊन जो गुरगुरणे सोडतो तो आणखी धोक्याचा, कारण पुढच्या वेळी त्याच्याकडून इशारा मिळेलच असे नाही.

साखळीचेही तसेच. दिवसभर खांबाला बांधलेला कुत्रा ‘तिखट’ होतो, ही समजूत काही अंशी खरी आहे आणि तीच तिची शोकांतिका. तो पळून जाऊ शकत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार थोड्या मालकांना माहीत असते.

भारतात या सगळ्यावर रेबीजची छाया आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने १५ राज्यांत केलेल्या पाहणीवरून देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७२६ माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज निघाला. चावणाऱ्यांत कुत्र्यांचा वाटा तीन चतुर्थांशांहून अधिक होता. पाळीव कुत्र्याची लस वेळेवर झालेली असणे ही कुत्रा घरात ठेवण्याची पहिली अट आहे. घरच्या कुत्र्याचे नुसते दात लागले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. ‘घरचाच आहे’ म्हणून हळद लावून गप्प बसण्याची सवय अजून गेलेली नाही.

आता निवडीकडे. देशी जातींविषयी सध्या अभिमानाचे वारे आहे आणि ते योग्यही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांची नावे घेतली, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांची अधिकृत नोंद केली. मुधोळच्या घोरपडे घराण्याने जोपासलेला आणि महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा दिसायला देखणा, अंगाने सडपातळ आणि उन्हाला सरावलेला असतो. पण तो नजरेने सावज हेरून धावण्यासाठी घडवलेला आहे. मोकळे रान न मिळता दोन खोल्यांच्या सदनिकेत त्याचे हालच होतात. पांढऱ्या राजपालयममध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो, आणि झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मुलाने अचानक हात लावला तर तो दचकून वळतो. देशीपणा हे मुलांजवळच्या निर्धोकपणाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही, जसे परदेशीपणा ते कधीच नव्हते.

मराठीत ‘माणसाळणे’ हा फार नेमका शब्द आहे आणि कुत्र्याच्या बाबतीत त्याला कालमर्यादा आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते ते त्याच्या जगात सामावते. त्या काळात माणूस जवळ आलाच नाही, तर पुढे ते कायमचे बुजरे राहते. आणि बुजरा कुत्रा कोपऱ्यात सापडला की चावतो. भारतातील २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. म्हणजे या मोलाच्या काळाचा निम्म्याहून अधिक भाग पिल्लू पैदास करणाऱ्याच्या आवारात घालवते. तो आवार पत्र्याच्या पिंजऱ्यांचा असेल, तर ‘मुलांशी प्रेमळ’ हे जाहिरातीतले शब्द पोकळ आहेत. ज्या घराच्या अंगणात मुले खेळतात, कुकरची शिट्टी वाजते, पाहुणे येतात, तिथे वाढलेले पिल्लू निम्मी लढाई जिंकून येते. उरलेले चार आठवडे नव्या मालकाच्या हाती असतात आणि नेमके तेव्हाच ‘लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नको’ म्हणून पिल्लाला घरात कोंडले जाते. कडेवर घेऊन रस्ता, शाळेची घंटा, सायकली आणि वेगवेगळ्या वयांची मुले दाखवायला लसींची आडकाठी नसते.

घरात दोन वर्षांच्या आतले मूल असेल, तर पिल्लू न घेणेच बरे. दातांची सळसळ असलेले पिल्लू आणि नुकते चालू लागलेले मूल या दोघांना एकाच वेळी सांभाळणे फार थोड्या घरांना जमते. मुलांच्या घरात राहिलेला, स्वभाव पक्का झालेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा घेण्याला भारतात अजून कमीपणा मानतात. वास्तविक त्याच्याविषयी अंदाज बांधावा लागत नाही. तो पाहता येतो. जेवताना माणूस जवळून गेला तर त्याचे अंग ताठरते का, मूल किंचाळले तर तो दूर सरकतो की पुढे येतो, पंजा धरला तर काय करतो, हे आठवडाभरात तीन-चार भेटींत समजते.

पिल्लूच घ्यायचे असेल, तर आधी त्याची आई पाहावी. अनोळखी माणसे आल्यावर ती भुंकते आणि मालकाने सांगितल्यावर शांत होते, की दावणीला हिसके देत राहते, हे पाहावे. पिल्लांपाशी मालकाचे मूल वाकले तर तिला चालते का, हेही. आई दाखवता येणार नाही, ती दुसऱ्या गावी आहे, असे उत्तर आले तर पैसे खिशात ठेवून परत फिरावे.