'नो-किल शेल्टर' : न मारणे आणि जगविणे

चातुर्मास आला की जीवदयेच्या आवाहनांची पत्रके मंदिरांच्या फलकांवर लागतात. इतवारीतील आपल्या पेढ्यांवर आणि घरांतही ती पोहोचतात. अलीकडे यांतील काही आवाहनांत एक इंग्रजी शब्द दिसू लागला आहे : 'नो-किल शेल्टर'. जेथे प्राण्याला मारले जात नाही असा आश्रय, हा त्याचा सरळ अर्थ. जैन मनाला हा शब्द ऐकताक्षणीच आपला वाटतो आणि हात सहज दानपेटीकडे जातो. परंतु दान विवेकपूर्वक करावे, असे आपल्याला शिकविले गेले आहे. म्हणून या शब्दाचा नेमका आशय यावेळी पाहू.

हा शब्द अमेरिकेतला. तेथील शहरांत बेवारस कुत्री-मांजरे पकडून नगरपालिकेच्या निवाऱ्यात आणली जात. ठरावीक मुदतीत मालक आला नाही, कोणी दत्तक घेतले नाही आणि जागाही उरली नाही, तर निरोगी प्राण्यालाही इंजेक्शन देऊन मारले जाई. या प्रथेविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिने 'नो-किल' हा शब्द रूढ केला. सॅन फ्रान्सिस्को येथे १९९४ मध्ये एक प्राणिदया संस्था आणि नगर प्रशासन यांच्यात करार झाला. दत्तक देण्याजोग्या एकाही निरोगी कुत्र्या-मांजराला मारायचे नाही, असे त्यात ठरले. हा करार त्या चळवळीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

मात्र 'नो-किल' म्हणजे 'कोणालाही कधीही न मारणे' असे तेथे कोणी मानत नाही. निवाऱ्यात आलेल्या प्राण्यांपैकी सुमारे ९० टक्के प्राणी वाचले की त्या निवाऱ्याला हे नाव लावण्याची पद्धत आहे. असाध्य रोगाने वा जखमेने तळमळणारे आणि अतिशय धोकादायक ठरलेले प्राणी उरलेल्या भागात धरले जातात. शिवाय काही निवारे जागा भरली की नवा प्राणी घेतच नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा चांगला राहतो. नाकारलेला प्राणी मग ज्या सरकारी निवाऱ्याला कोणालाच 'नाही' म्हणता येत नाही, तेथे जातो आणि तेथील मृत्यू त्या निवाऱ्याच्या नावावर लिहिले जातात. एका दाराची कीर्ती अशी कधी कधी दुसऱ्या दाराच्या माथी बसते.

आपल्याकडे हा शब्द आणला की त्याचा अर्थ आणखी बदलतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली श्वान जन्मनियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मोकाट कुत्र्यांची संख्या कमी करण्यासाठी त्यांना मारण्याची मुभा या नियमांत नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच त्यांचा मार्ग आहे. असाध्य रोगी वा प्राणघातक जखमी कुत्र्याचा अपवाद तेवढा आहे, आणि तोही पशुवैद्यकाच्या हातून. म्हणजे अमेरिकेत जे संस्थेचे वैशिष्ट्य ठरते, ते येथे कायद्याचे किमान बंधन आहे. कायदा पाळतो एवढेच सांगणाऱ्या संस्थेने दात्याला अजून फारसे काही सांगितलेले नसते.

आणि आपल्या परंपरेत तर ही कल्पना फार जुनी आहे. १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत कंपनी सरकारच्या हुकुमाने रस्त्यावरील कुत्री मारली जात होती. जून महिन्यात त्याविरुद्ध पारशी बांधवांनी उठाव केला. हिंदू, जैन व इतरही त्यांत सामील झाले आणि बाजार बंद पडला. पुढे १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने आणि जैन व्यापाऱ्यांच्या सहभागाने भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. नुसत्या विरोधावर न थांबता त्या पिढीने पर्याय उभा केला. वाचविलेल्या जिवाला उद्या खाऊ कोण घालणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्या खिशातून दिले.

वाचकहो, खरा मुद्दा येथे आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे, वध म्हणजे मारहाण करणे, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे ताकदीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी रोखणे. या पाचांत प्राण घेण्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात घ्यावे. प्राणहरण हा तर व्रताचा उघड भंगच होय. त्याच्या अलीकडे, प्राणी जिवंत असतानाच, व्रताला डाग कसा लागतो ते हे अतिचार सांगतात.

या कसोटीवर 'नो-किल' हा शब्द घासून पाहावा. दहा कुत्र्यांच्या जागेत चाळीस कोंडली, दुबळ्यांना बलवानांनी खाऊ दिले नाही, रोगी व निरोगी एकत्र ठेवले, तर तेथे कोणी कोणाला मारले नाही हे खरे. पण बंध झाला, अन्नपाननिरोधही झाला. असा निवारा फलकावरील शब्दाला जागतो, व्रताला जागत नाही.

वेदनांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. असाध्य दुःखातील प्राण्याला वेदनारहित मृत्यू देणे 'नो-किल' विचारात बसते, आपल्या धर्मदृष्टीत बसत नाही. आपण तो मार्ग नाकारतो, तेव्हा एक ऋण आपल्यावर येते. त्या जिवाला वेदनाशामक औषध, स्वच्छ अंथरूण, कूस बदलणारा हात आणि रोज येणारा पशुवैद्यक मिळालाच पाहिजे. यांतले काहीच न देता केवळ मृत्यूची वाट पाहणे याला अनुकंपा म्हणता येणार नाही.

हा विषय आपल्या शहरापासून दूर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले होते की, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी त्यांना दत्तक घ्यावे किंवा चांगल्या निवाऱ्यात ठेवून खर्च सोसावा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात हलवावीत, पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. निवाऱ्यांची गरज वाढणार आणि त्यांच्या नावाने मागणीही वाढणार.

तेव्हा देणगीपूर्वी काही प्रश्न नम्रपणे विचारावेत. आज किती प्राणी आहेत आणि जागा किती आहे? पशुवैद्यक किती वेळा येतात? नव्या प्राण्याला आधी वेगळे ठेवतात का? निर्बीजीकरण आणि लसीकरणाची नोंद आहे का? गेल्या वर्षी किती आले, किती दत्तक गेले, किती दगावले आणि कशाने? हिशेब तपासलेला आहे का? प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. मृत्यूंची नोंद उघडपणे दाखविणारी संस्था 'आमच्याकडे कोणीच मरत नाही' म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी. शक्य असेल तर मुलाबाळांसह एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे.

दानही एकदाच देऊन विसरू नये. गाय वीस वर्षांपर्यंत जगू शकते, कुत्रा दहा-बारा वर्षे. पर्युषणात दिलेली मोठी रक्कम चाऱ्याच्या एका गाडीत संपते, दरमहा दिलेली छोटी रक्कम वर्षभर पाणी आणि औषध पुरविते. आपल्या चार दानांत आहार, औषध, ज्ञान आणि अभय यांचा एकत्र उच्चार होतो. निवाऱ्यातील मुक्या जिवाला यांतले आहार आणि औषध रोज लागते, आणि त्याची सेवा करणाऱ्याला त्या सेवेचे ज्ञान. या तिन्हींवाचून दिलेले अभय त्या जिवापर्यंत पोहोचत नाही.